महापौर एका पक्षाच्या, सभागृह दुसऱ्याचं: ग्वाल्हेरची निगम नेमकी कोणाकडे आहे?

ठाण्याचा माझा मावसभाऊ दर दिवाळीला फोन करतो आणि फराळाची चौकशी झाली की हमखास विचारतो, "काय गं, तुमच्या ग्वाल्हेरात अजून काँग्रेसच आहे ना?" मी म्हणते, हो, आणि नाही पण. मग तो हसतो, म्हणतो तुम्हा लष्करवाल्यांचं (लष्कर म्हणजे ग्वाल्हेरातला आमचा भाग) कधी सरळ उत्तर नसतंच, मग वहिनी फोन घेते आणि गाडी चकल्यांवर जाते. असं दोन-तीन दिवाळ्या चाललंय. म्हणून यावेळी बसून लिहूनच काढलं, त्याच्यासाठी आणि आमच्या इथल्या त्या सगळ्यांसाठी ज्यांना वाटतं की २०२२ ला निगम, म्हणजे आमची महानगरपालिका, काँग्रेसकडे गेली आणि विषय संपला.

आधी जे झालं ते सांगते. ६ जुलै २०२२ ला मतदान झालं, १७ जुलैला मोजणी. महापौरपद यावेळी सर्वसाधारण महिलेसाठी राखीव होतं, काँग्रेसकडून शोभा सिकरवार, भाजपकडून सुमन शर्मा. शोभा सिकरवार २८,८०५ मतांनी निवडून आल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात सगळीकडे एकच आकडा, ५७ वर्षांनी काँग्रेसचा महापौर. म्हणजे बघा, आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांनी मतदान करायला लागल्यापासून ग्वाल्हेरात काँग्रेसचा महापौर बघितलाच नव्हता. जनसंघ, मग भाजप, हे इथे इतकं मुरलेलं की महापौर म्हटलं की नाव फक्त बदलायचं. आणि त्यात आपली मराठी नावंही आहेत बरं का, नारायण कृष्ण शेजवलकर महापौर होते आणि नंतर खासदार झाले, मग त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकर दोनदा महापौर आणि २०१९ ला तेही खासदार. त्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी मराठी घरांत निगमची निवडणूक म्हणजे जवळपास घरचंच कार्य असल्यासारखं असायचं, कोण कुठे प्रचाराला गेलं, कोणाकडे चहा झाला, सगळं माहीत.

तर ते ५७ वर्षांचं तुटलं. फटाके वाजले, महाराज बाड्यावर, म्हणजे आमच्या मुख्य चौकात, गुलाल उडाला. पण त्याच दिवशी, त्याच मोजणीत, दुसरा एक निकाल लागला त्याकडे बहुतेकांनी लक्षच दिलं नाही. ग्वाल्हेरात ६६ वॉर्ड आहेत. त्यातले ३४ पार्षद, म्हणजे तुमच्याकडचे नगरसेवक, भाजपचे आले, २५ काँग्रेसचे आणि उरलेले ७ अपक्ष वगैरे. बहुमताला लागतात ३४. म्हणजे महापौर काँग्रेसच्या, आणि सभागृहात बहुमत भाजपचं, तेही अगदी काठावरचं, एकही माणूस जास्त नाही एकही कमी नाही.

दादाचा, म्हणजे त्या मावसभावाचा, पहिला प्रश्न इथेच असतो, असं होईलच कसं? ज्याचे नगरसेवक जास्त त्याचाच महापौर ना? तर हे महाराष्ट्रात. तुमच्याकडे ठाण्याला काय पुण्याला काय, लोक नगरसेवक निवडतात, मग नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात, अडीच वर्षांसाठी. बडोद्याला माझी नणंद असते तिथेही साधारण तसंच, अडीच वर्षांचा महापौर. आणि तुमच्याकडे खरी तिजोरी महापौराकडे नसतेच, ती स्थायी समितीकडे, म्हणून तिथे स्थायीच्या सभापतीसाठी जी मारामारी चालते ती महापौरपदासाठीही चालत नाही. मध्यप्रदेशात वेगळं आहे. इथे बूथवर गेलं की दोन मतं द्यायची असतात, एक महापौराला आणि एक आपल्या वॉर्डातल्या पार्षदाला. आणि दोन्ही मतं एकाच पक्षाला द्यावीत असा काही नियम नाही, आणि लोक देतही नाहीत, कारण पार्षद हा गल्लीतला माणूस असतो, तो नालीसाठी येतो, मयतीला खांदा द्यायला येतो, त्याला पक्ष बघून कोण मत देतं. महापौराचं मत मात्र शहराच्या रागाचं असतं. दोन वेगळी कारणं, दोन वेगळी बटणं, त्यामुळे दोन वेगळे निकाल. यात कुठे गफलत नाही की कोणी कोणाला फसवलं नाही.

आणि हे एकट्या ग्वाल्हेरात झालं असंही नाही. जबलपूरला त्याच निवडणुकीत महापौर काँग्रेसचा आला आणि ७९ पैकी ४४ पार्षद भाजपचे. सिंगरौलीला तर कमालच, महापौर आम आदमी पक्षाच्या राणी अग्रवाल, आणि ४५ जणांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे फक्त ५. उलट इंदूरला सगळं एका रेषेत, महापौरही भाजपचा आणि ८५ पैकी ६४ पार्षदही भाजपचे, तिथे हा प्रश्नच पडला नाही.

आता यातली मला सगळ्यात मजा वाटते ती गोष्ट. २०१९ मध्ये भोपाळला कमलनाथांचं काँग्रेस सरकार होतं तेव्हा त्यांनी कायदा बदलला होता, की महापौर लोकांनी थेट निवडायचा नाही, पार्षदांनी निवडायचा, म्हणजे महाराष्ट्रासारखं. भाजपने तेव्हा जोरदार विरोध केला, लोकांचा हक्क काढून घेतला म्हणून. मग मार्च २०२० मध्ये ते सरकार पडलं, आमच्याच महाराजांनी, म्हणजे ज्योतिरादित्य शिंद्यांनी, पक्ष बदलला ते सगळ्यांना माहीतच आहे, शिवराजसिंह परत आले आणि मे २०२२ मध्ये अध्यादेश काढून महापौराची थेट निवडणूक पुन्हा आणली. आता गणित करा. कमलनाथांचा नियम राहिला असता तर ६६ पार्षदांनी महापौर निवडला असता, ३४ भाजपचे, म्हणजे ग्वाल्हेरात महापौर भाजपचाच झाला असता आणि ते ५७ वर्षांचं काही तुटलं नसतं. काँग्रेसने आणलेल्या नियमाने काँग्रेस हरली असती आणि भाजपने आणलेल्या नियमाने काँग्रेस जिंकली. नियम कोणाला फायद्याचा पडेल हे नियम करणाऱ्यालाच कळत नाही कधीकधी, आमचे बाबा म्हणायचे तसं, आपण खणलेल्या विहिरीचं पाणी शेजारी पितो.

बरं, निवडणूकच मुळात २०२२ ला का झाली हेही विचारलं होतं त्याने. आधीच्या परिषदेची मुदत २०२० च्या सुरुवातीलाच संपली होती. घटनेत तर साफ लिहिलंय, ७४ व्या दुरुस्तीत, की नगरपालिकेची मुदत ५ वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. पण वॉर्डांची रचना, मग कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, असं करत दोन वर्षांवर शहर प्रशासकाच्या हातात होतं, म्हणजे ना महापौर ना पार्षद, फक्त अधिकारी. शेवटी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणूक जाहीर कराच असं सांगितलं आणि नंतर एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवून ओबीसी जागांनाही परवानगी दिली, तेव्हा कुठे बिगूल वाजलं. ही निवडणूक दिल्लीचा निवडणूक आयोग घेत नाही हं, राज्याचा वेगळा आयोग असतो तो घेतो, आमचे शेजारचे काका अजून त्या दोघांत गोंधळ करतात आणि भांडतात वर.

आता येते खरी कथा. महापौर झाल्या, पार्षद झाले, पण सभागृह चालवणार कोण? विधानसभेत जसा अध्यक्ष असतो तसा निगमच्या परिषदेत सभापती असतो, आणि त्याची निवड पार्षद करतात, गुप्त मतदानाने. इथे मतं किती? ६६ पार्षद आणि महापौरांचं १, म्हणजे ६७. आता बेरीज बघा, काँग्रेस २५, अपक्ष आणि इतर सातच्या सात काँग्रेसकडे आले असं धरलं तर ३२, महापौरांचं एक मत धरून ३३. भाजप ३४. एका माणसाचा फरक! एकजण फुटला की उलटं. म्हणजे ५७ वर्षांचा इतिहास राहिला बाजूला, सगळं शहर त्या एका मताकडे डोळे लावून बसलं.

मग जे व्हायचं तेच झालं. भाजपने आपले पार्षद उचलले आणि दिल्ली-हरियाणाच्या बाजूला नेऊन ठेवले. तुमच्याकडे याला सहलीला नेलं म्हणतात, आमच्याकडे पेपरवाले बाडाबंदी म्हणतात, गुरं बाड्यात कोंडतात ना, तसं. शब्द जरा लागतो मनाला पण चूक नाही. निवडून येऊन पंधरा-वीस दिवस झालेला माणूस, वॉर्डातल्या लोकांनी अजून हार पण नीट घातले नाहीत, आणि तो रिसॉर्टमध्ये. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळे परत आले आणि थेट जलविहारच्या परिषद भवनात. मतदान झालं. भाजपचे मनोज तोमर ३४, काँग्रेसच्या लक्ष्मी गुर्जर ३३. मतदान गुप्त होतं म्हणून कोणी कुठे टाकलं ते छातीठोकपणे सांगता येत नाही, पण आकडे अगदी वर केलेल्या बेरजेसारखेच आले, म्हणजे बाड्यातून एकही निसटला नाही.

दादा विचारतो, एवढी भीती कशाला, पक्ष सोडला तर पद जातं ना? तर ते आमदार-खासदारांचं. घटनेतलं दहावं परिशिष्ट, ज्याला आपण पक्षांतरबंदी म्हणतो, ते संसद आणि विधानसभेपुरतं आहे, नगरपालिकेला लागत नाही. महाराष्ट्राने १९८६ मध्ये स्थानिक संस्थांसाठी आपला वेगळा कायदा केला म्हणून तुमचे नगरसेवक थोडे तरी घाबरतात, गट वगैरे करून फुटतात. आमच्याकडे पार्षदाला सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात जायला पदाची भीती नाही. म्हणून कोंडून ठेवावं लागतं, दुसरा उपाय काय.

आता मुद्द्याचं, की मग सत्ता कोणाकडे. मी हे घरच्या उदाहरणाने सांगते कारण निगमच्या कायद्याची भाषा वाचली तर झोप येते. समजा मोठं एकत्र कुटुंब आहे. रोजचा कारभार थोरल्या सुनेकडे, कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. पण कपाट सासूबाईंच्या खोलीत. आणि घरात येणारा बराचसा पैसा भोपाळचे काका मनीऑर्डरने पाठवतात, आणि घरातला मुनीम पण काकांनीच ठेवलेला, सुनेने नाही.

थोरली सून म्हणजे महापौर. त्यांना आपलं मंत्रिमंडळ करता येतं, त्याला मेयर इन कौन्सिल म्हणतात, सगळे एमआयसी म्हणतात. निवडून आलेल्या पार्षदांतूनच १० पर्यंत जण महापौर स्वतः निवडतात, आणि त्यांना एकेक खातं, पाणी, आरोग्य म्हणजे सफाई, महसूल, रस्ते-इमारती असं. इथे महापौरांना कोणाला विचारावं लागत नाही, सभागृहात बहुमत नसलं तरी एमआयसी त्यांचीच. महाराष्ट्रातल्या महापौराला हे सुख नाही. ठराविक रकमेपर्यंतची कामं एमआयसीतच मंजूर होतात, सभागृहात जायची गरज पडत नाही. म्हणजे रोजच्या कारभाराची बरीच सूत्रं खरोखरच काँग्रेसच्या हातात आली, पेपरवाले काही खोटं सांगत नव्हते.

सासूबाई म्हणजे परिषद, सगळे पार्षद मिळून. बजेट इथे पास व्हावं लागतं, मालमत्ता कर किती, पाण्याचे दर काय, मोठे ठेके, हे सगळं इथे येतं. बजेट महापौर मांडतात, पण दुरुस्त्या सुचवून त्यात काटछाट करायला ३४ हात समोर बसलेत. आणि बैठक बोलावणं, कोणाला बोलू द्यायचं, गोंधळ झाला की सभा थांबवायची, हे सभापतींकडे, म्हणजे पुन्हा भाजपकडे. त्यामुळे त्या एका मताला एवढी किंमत होती. सभापती आपला नसला की महापौरांचा प्रस्ताव कितीही चांगला असो, तो सभेत कधी आणि कसा चर्चेला येतो यावर त्यांचा ताबा नाही.

यातली एक गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. सभागृहात बहुमत भाजपचं, सभापती भाजपचा, आणि विरोधी पक्षनेताही भाजपचाच! कारण सत्ताधारी कोण हे महापौरांवरून ठरतं. म्हणजे ज्यांच्याकडे जास्त माणसं आहेत ते विरोधी पक्ष. आमच्या मुलीला नागरिकशास्त्रात हे समजावताना माझीच दमछाक झाली, तिने विचारलं, मग आई जास्त मतं मिळवून काय उपयोग, मी म्हटलं आधी जेवून घे.

आणि भोपाळचे काका. निगमचा आयुक्त, ज्याला सगळे कमिश्नर म्हणतात, तो राज्य सरकार पाठवतं आणि राज्य सरकारच बदलून नेतं. फाइलवर सही त्याची, कर्मचारी त्याच्या हाताखाली, टेंडर त्याच्या ऑफिसातून निघतं. महापौर सांगू शकतात, ओरडू शकतात, पत्र लिहू शकतात, पण त्याची बदली करू शकत नाहीत. शिवाय जकात बंद झाल्यावर तिची भरपाई म्हणून सरकार निगमांना पैसे देतं, चुंगी क्षतिपूर्ती म्हणतात त्याला, त्या पैशावर पगार वगैरेंचा बराच भार असतो, तो हप्ता अडकला किंवा कापला गेला तर सगळं अडतं. सरकार काही एल्डरमन पण नेमतं, ते सभेत बसतात, बोलतात, फक्त मत देऊ शकत नाहीत. आणि स्मार्ट सिटीची कामं, ती तर निगमच्या बाहेरच, त्यासाठी वेगळी कंपनी. आपण रस्त्यावरून जाताना खड्डा दिसला की शिवी महापौरांना घालतो, पण तो खड्डा निगमचा, की पीडब्ल्यूडीचा, की स्मार्ट सिटीच्या खोदकामाचा, हे खड्ड्यावर थोडंच लिहिलेलं असतं.

समजा तुमच्या गल्लीतली नाली पक्की करायची आहे. तुम्ही पार्षदाकडे जाता, तो भाजपचा. तो अर्ज लिहितो, झोन ऑफिसातला इंजिनिअर अंदाजपत्रक करतो, छोटं काम असलं तर अधिकाऱ्याच्या पातळीवरच मंजूर, थोडं मोठं असलं तर एमआयसी, ती काँग्रेसची, आणखी मोठं असलं तर परिषद, ती भाजपची, आणि शेवटी पैसा सोडायचा कमिश्नरने, तो सरकारचा. एका नालीला एवढे दरवाजे. आणि काम झालं तर पाटीवर नावं सगळ्यांची हवीत, नाही झालं तर प्रत्येकजण पुढच्या दरवाज्याकडे बोट दाखवणार, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाचं बोट थोडंफार बरोबरच असतं. सगळं एका पक्षाकडे असतं तेव्हा निदान कोणाला धरायचं ते कळतं, हा माझा आपला वैयक्तिक वैताग. पण दुसरी बाजू पण आहे, की दोन पक्ष समोरासमोर असले की एकमेकांच्या फाइली उघडल्या जातात, आणि ज्या गोष्टी एरवी आतल्या आत मिटल्या असत्या त्या जलविहारच्या सभेत ओरडून बाहेर येतात. मला वाटतं हे वाईट नाही, आवाज थोडा कमी असता तर बरं झालं असतं एवढंच.

मग महापौरांना काढता येतं का? सभापतीला अविश्वास ठराव आणून पार्षद काढू शकतात. महापौर मात्र लोकांनी थेट निवडलेला, त्याला पार्षद एकटे काढू शकत नाहीत. मध्यप्रदेशात त्यासाठी एक मजेशीर तरतूद आहे, लोक तिला खाली कुर्सी, भरी कुर्सी म्हणतात. आधी तीन चतुर्थांश पार्षदांनी सह्या करायच्या, मग पुन्हा लोकांचं मतदान, आणि त्यात चिन्हं दोन, एक रिकामी खुर्ची आणि एक माणूस बसलेली. रिकामी जिंकली तर पद गेलं. ही नुसती कागदावरची गोष्ट नाही, अनूपपूरला २००१ मध्ये नगरपंचायतीच्या अध्यक्षांना लोकांनी असंच घरी बसवलं होतं. पण ग्वाल्हेरात तीन चतुर्थांश म्हणजे ५० सह्या, आणि भाजपकडे ३४. त्यामुळे ते दार बंदच.

पण दुसरं दार उघडं असतं, आणि सत्ता बदलायला दरवेळी निवडणूक लागतेच असं नाही हे २०२४ मध्ये दिसलं. २०२२ ला राज्यातल्या १६ निगमांपैकी ५ ठिकाणी काँग्रेसचे महापौर आले होते, ग्वाल्हेर, जबलपूर, छिंदवाडा, मुरैना आणि रीवा. त्याच्या आधीच्या खेपेला १६ च्या १६ भाजपकडे होत्या, म्हणून तेव्हा फार गाजावाजा झाला. लोकसभेच्या तोंडावर जबलपूरचे महापौर भाजपमध्ये गेले, मग मुरैनाच्या महापौर गेल्या, छिंदवाड्याचे महापौर तर आधी भाजपमध्ये गेले आणि ऐन मतदानाच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराला मत द्या म्हणून त्यांचा व्हिडिओ आला. एकही मतपेटी उघडली नाही आणि शहरं इकडची तिकडे. तिथल्या लोकांनी महापौराचं बटण दाबताना पक्ष बघितला होता की माणूस, हे आता कोण विचारणार आणि कोणाला. आमच्या महापौर मात्र काँग्रेसमध्येच राहिल्या, त्यांचे यजमान सतीश सिकरवार इथल्या पूर्व मतदारसंघाचे काँग्रेसचे आमदार, आणि ते स्वतः २०२० मध्ये भाजपमधूनच काँग्रेसमध्ये आलेले. म्हणजे महाराज तिकडे गेले त्याच वर्षी हे इकडे आले. ग्वाल्हेरचं राजकारण समजायला घराची वंशावळ आणि रेल्वेचं टाइमटेबल दोन्ही जवळ ठेवावं लागतं.

तर दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. २०२२ ला ग्वाल्हेरात महापौरपद बदललं, एमआयसी बदलली, सभागृहाचं बहुमत बदललं नाही, सभापतीची खुर्ची एका मताने वाचली, आणि कमिश्नर तेव्हाही भोपाळहून येत होता आजही येतो. पुढची निवडणूक २०२७ ला आहे. तेव्हा तू फोन केलास तर नुसतं कोण जिंकलं असं विचारू नकोस, महापौर कोणाचा आणि ६६ पैकी किती असं विचार, मग मी एका वाक्यात सांगीन आणि वहिनीला चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगायला वेळ उरेल, तिची गेल्या वेळी तेलात विरघळली होती.